पदरातली चाबी

सकाळपासून घरातला जो तो सत्यभामेशी बोलताना तिच्या तोंडाकडे न बघता पदराकडे बघत होता. पदराच्या टोकाला गाठ होती, गाठीत चाबी होती, आणि ती चाबी ज्या गाडीची होती ती अंगणात कडुनिंबाखाली उभी होती. उभी कसली, गपचीप बसल्यासारखी होती. आदल्या संध्याकाळपासून मोहल्ल्यातली अर्धी माणसं येऊन तिला हात लावून गेली होती, आणि प्रत्येकजण हात लावताना जरा घाबरत होता.

बॅटरीवर चालणारी तीन चाकी रिक्षा होती ती. हिरवी नंबरप्लेट, मागे समोरासमोर दोन बाकं, टपाला निळी झालर. झालर धाकट्या सुनेने, रश्मीने, रात्रीच शिवली होती. भंडाऱ्याहून गाडी डिझेलच्या टेम्पोवर चढून आली, या गोष्टीचं थोरल्या धम्मदीपला फार हसू आलं होतं. "पाहा बाबा, हिलेही यायले डिझेलच लागलं," असं तो बापाला दोनदा म्हणाला होता. तेजराम हसला नव्हता. तो तेव्हापासून खुर्ची टाकून गाडीच्या समोरच बसून होता आणि तिच्याकडे टक लावून बघत होता.

घरात नवी वस्तू आली की तिची चाबी आधी आईच्या पदरात जायची, ही सत्यभामेच्या सासूने घालून दिलेली रीत. तेजराम पहिल्यांदा मँगनीजच्या खाणीत उतरला त्या वर्षी ट्रंक घेतली, तेव्हा सासूने कुलपाची चाबी मागून घेतली होती. 'तुह्या खिशात ठेवली तं खानीत पडन,' म्हणाली होती. मग चाळीतल्या क्वार्टरची, मग सायकलच्या कुलपाची, मग धम्मदीपच्या डिझेल ऑटोची. चाबी आधी पदरात बसे आणि आई ज्याच्या हाती देईल त्याची ती वस्तू. त्यावर पुढे कोणी तोंड उघडत नसे. सासू गेल्यावर पदर सत्यभामेचा झाला, पण आजवर कधी चाबी कोणाला द्यायची असा प्रश्नच पडला नव्हता. आज पडला होता, आणि तो तिला सकाळपासून आतल्या आत कुरतडत होता.

प्रश्न तोंडावर आणला तो कलाबाईने. तेजरामची ही बहीण तुमसरहून पहिल्या बसने आली. आल्या आल्या पाणी न पिता तिने गाडीला प्रदक्षिणा घातली, बाकावर हात फिरवला, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वयनी, खरं का हे? सरकारनं गाडी घ्याले पैसे देल्ले?"

"पुरे नाई देल्ले," सत्यभामा म्हणाली.

"थोडे तं देल्ले ना! आतापर्यंत सरकारले घेतानीच पाह्यलं मी. देतानी पयल्यांदाच पाहून राहिली." कलाबाईचे डोळे खरोखरच मोठे झाले होते. "पन कायले देते? त्याईचा काय फायदा?"

धम्मदीप पुढे झाला. हे सांगायला त्याला फार आवडे. "आत्या, हिच्यात पेट्रोल नाई, डिझेल नाई. धूर नाई निघत. म्हनून सरकार म्हनते, तुमी अशी गाडी घ्या, आमी हातभार लावतो. काही रक्कम किमतीतच कमी होते, काही अनुदान योजनेतून येते, बाकीचं बँकेचं कर्ज. रस्त्याचा टॅक्सही माफ. अन बाईच्या नावानं घेतली तं अनुदान अजून जास्त."

"कोनत्या बाईच्या नावानं घेतली?"

"आपल्या रश्मीच्या."

"अस्सं! म्हनजे गाडी रश्मीची."

कलाबाई सहज बोलून गेली आणि पाण्याचा तांब्या उचलून घटाघट प्यायली.  धम्मदीपने घसा खाकरला. त्याची बायको करुणा चुलीजवळ पोहे परतत होती, तिचा हात थांबला. दोरीवर चौदा एप्रिलच्या निळ्या पताका ओवत बसलेली रश्मी मात्र ओवतच राहिली, फक्त सुई तिच्या अंगठ्यात घुसली आणि तिने तो तोंडात धरला. सत्यभामेने ते पाहिलं.

महिनोन्‌महिने ज्या घरात या गाडीशिवाय दुसरा विषय नव्हता, त्या घरात हा एक प्रश्न कोणी विचारला नव्हता.

धम्मदीपने तो विचारण्याची गरजच नव्हती. मिसरूड फुटल्यापासून तो चिखला ते तुमसर रस्त्यावर ऑटो हाकत होता. गाडीच्या आवाजावरून तिच्या पोटात काय दुखतंय ते त्याला कळे. इंजिन एकदा खोकलं की कोणती नळी चोंदली ते तो न उतरता सांगायचा, आणि तुमसरचे मिस्त्री त्याला त्यासाठी मान द्यायचे. आता त्याच्या ऑटोचं इंजिन पार थकलं होतं. घरामागे ताडपत्री पांघरून पडला होता तो. या नव्या गाडीसाठी भंडाऱ्याच्या चकरा धम्मदीपने मारल्या, बँकेत तासन्‌तास तोच बसला, साहेबांच्या शिव्या त्यानेच खाल्ल्या. गाडी आपलीच, हे त्याने धरूनच चाललं होतं. सत्यभामेनेही धरलं होतं.

रश्मी धाकट्या निकेशची बायको. निकेश आज सकाळपाळीला होता, जमिनीच्या पोटात. सुटी मागितली होती, मिळाली नाही. योजनेची अट होती म्हणून रश्मी भंडाऱ्याला प्रशिक्षणाला गेली होती. नदीपलीकडे कारध्याला तिची मावशी, तिच्याकडे राहायची आणि रोज वैनगंगेचा पूल ओलांडून शिकायला जायची. लायसन घेऊन परत आली तेव्हा सगळ्यांनी ते लायसन हातात घेऊन पाहिलं. तू काय शिकलीस, असं मात्र कोणी विचारलं नाही.

"नावावर आहे रश्मीच्या," धम्मदीप हसत म्हणाला. "चालवीन मी. घरचीच गोष्ट आहे. योजनेच्या मॅडमचा फोन आलता, दुपारी पाहाले येऊन राहिल्या. रश्मीनं हँडलवर हात ठेवून फोटो काढला की झालं. अनुदानाचा राहिलेला भाग त्याच्यावरच अडला आहे."

"मी फोटोसाठी नाई बसत, भाऊजी," रश्मी म्हणाली.

तिने पताका बाजूला ठेवल्या. आवाज चढवला नव्हता. उलट एवढा खाली होता की कलाबाईला पुढे वाकावं लागलं.

"म्हनजे?"

"म्हनजे मी चालवीन. आजही, अन उद्याही. मले चालवाची आहे."

धम्मदीप आईकडे वळला, तिच्या पदराकडे बघत. "आई, आयकून राहिली ना? खानीच्या रस्त्यानं डंपर येतात. समोरून आलेला डंपर साइड देत नाई. मी एवढे वर्षं त्या रस्त्यावर आहे, मले अजून भेव वाटते. ही काल शिकली."

"खरं आहे पोराचं," कलाबाईने लगेच बाजू घेतली. "रस्त्यावर कायले जाते वो तू? भासरे आहेत, नवरा आहे. घरी रानी होऊन राह्य ना."

"आत्या, रानी होऊन गोबरवाहीच्या बाजाराले पैदल जाते मी," रश्मी म्हणाली. कलाबाईने पुन्हा तांब्या उचलला. तो रिकामा होता.

"अन करुणा?" धम्मदीपने बायकोला साक्षीला बोलावलं. "तूच सांग."

करुणाने पोह्यांवर झाकण ठेवलं. नवऱ्याच्या बोलण्याला ती आजवर मान डोलवत आली होती आणि सत्यभामेला वाटलं की आताही डोलवेल. पण ती पदराला हात पुसत अंगणात आली आणि गाडीच्या बाकावर जाऊन बसली. "मी काय सांगू? मी पयली सवारी. कोनी का चालवेना." मग थोडं थांबून म्हणाली, "पन इले चालवाची आहे, तं तिले येते का ते तरी पाहा एकदा."

एरवी सत्यभामेला हसू आलं असतं. आज ती घाबरली. घराचे दोन तुकडे तिला डोळ्यांसमोर पडताना दिसत होते, आणि ते जोडणारी की फाडणारी वस्तू तिच्या पदरात होती.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तुमी काही बोलता का?"

तेजरामने गाडीवरची नजर हलवली नाही. "चाबी तुह्या पदरात आहे," तो म्हणाला.

सत्यभामा उठून मागच्या ओसरीत गेली. अशा वेळी ती तिथे जायची, आणि का जायची ते तिने जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं.

मागच्या ओसरीतून टेकडी दिसायची आणि टेकडीपलीकडून खाणीचा पंखा ऐकू यायचा. जमिनीखाली हवा सोडणारा तो प्रचंड पंखा रात्रंदिवस चालू असे. त्याचा एकसुरी, खोल आवाज. चाळीतल्या माणसांना तो ऐकूच येत नसे, इतका तो त्यांच्या कानात मुरला होता. सत्यभामेला मात्र यायचा. लग्न होऊन आली त्या पहिल्या पावसाळ्यात वीज कडाडली, दिवे गेले आणि पंखा थांबला. ती तेव्हा खाणीवर टोपलीत काळे दगड वेचत होती. आवाज थांबताच बायकांचे हात जागच्या जागी थांबले.  सगळ्या तोंडाकडे बघत राहिल्या, खाणीच्या तोंडाकडे. मग एकेक करून माणसं वर आली, सगळी आली, तेजरामही आला, चेहरा काळा आणि दात पांढरे, हसत. काहीच झालं नव्हतं. पण त्या दिवसापासून सत्यभामेचा कान पंख्याला बांधला गेला तो गेलाच. पंखा चालू म्हणजे खाली हवा, हवा म्हणजे आपला माणूस. तेजराम निवृत्त झाला आणि तिला वाटलं, सुटले. त्याच वर्षी निकेश उतरला.

तिने कान दिला. घूंऽऽ. चालू होता. निकेश श्वास घेत होता. तिचाही श्वास खाली बसला.

धम्मदीपने अंगणात ऑटो सुरू केला की हा आवाज बुडून जायचा. मग ऑटो चाळीच्या वळणापार जाईपर्यंत ती हातातलं काम धरून उभी राही. पोराच्या पोटापाण्याचा धंदा तो, त्याला काय सांगणार? कधी बोलली नाही.

अंगणातून कलाबाईचा आवाज आला. वंदनेची तयारी झाली होती. गाडीसमोर पांढरं कापड अंथरून बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी मांडल्या, ताटात मेणबत्त्या लावल्या. कलाबाईने त्रिसरण सुरू केलं आणि सगळ्यांचे आवाज तिच्या आवाजात मिसळले. भांडण विसरून माणसं एका सुरात म्हणत होती. पंचशीलाला धम्मदीप आणि रश्मी शेजारी शेजारी हात जोडून उभे होते, डोळे मिटून, आणि सत्यभामेला वाटलं की हे असंच राहावं, कोणी डोळे उघडूच नयेत.

वंदना संपते न संपते तोच धम्मदीपचा फोन वाजला. मॅडम गावाच्या फाट्यावर पोचल्या होत्या.

एकच धांदल उडाली. तसबिरी आत गेल्या. करुणा पुन्हा गाडीच्या बाकावर जाऊन बसली. धम्मदीप हात पुढे करून आला. "आई, दे लवकर. गाडीचं तोंड भिंतीकडे आहे. रस्त्याकडे करून ठेवतो. त्याईच्यासमोर मागंपुढं करत बसलो तं बरं नाई दिसत."

सत्यभामेने गाठ घट्ट धरली.

"तोंडच फिरवतो ना आई. खाऊन टाकतो का गाडी?"

तिचा धीर सुटला. गाठ सोडत ती म्हणाली, "तोंड फिरवाले देऊन राहिली. देल्ली असं समजू नोको."

"भाऊजी," रश्मी म्हणाली, "मी सांगू का कसं..."

"तीन चाकं अन एक हँडल. त्याच्यात शिकाचं काय?"

तो बसला. बसण्यात वर्षांची सवय होती, एक पाय आत, एक बाहेर. चाबी घातली, फिरवली, आणि वाट बघितली.

काहीच झालं नाही. म्हणजे त्याच्या कानाला काहीच कळलं नाही. हँडलखाली एक बारका दिवा लागला होता, पण कडक ऊन पडलं होतं आणि धम्मदीप दिवा बघत नव्हता. तो मान कलती करून ऐकत होता. जन्मभर त्याने गाडी अशीच ओळखली होती. त्याने चाबी उलटी फिरवली, पुन्हा सुलटी केली. बाजूचं एक बटण दाबलं. पुन्हा ऐकलं.

"बॅटरी बसली," त्याने जाहीर केलं. "पाह्य, म्हनलं होतं ना? नवी कोरी गाडी अन बॅटरी बसली." आणि थंडीत अडलेल्या डिझेलला जागवताना करायचा तसा त्याने हँडल पूर्ण पिळलं.

गाडी झेपावली.

आवाज नाही, सूचना नाही. नुसती पुढे गेली. मेणबत्त्यांचं ताट चाकाखाली चेपलं. करुणा बाकावरून मागे कोसळली आणि किंचाळली. धम्मदीप एवढा दचकला की त्याने धरायला जे होतं ते अजून घट्ट धरलं, आणि धरायला हँडलच होतं. समोर खुर्चीत तेजराम बसला होता. तो हललाही नाही. चालून येणारी वस्तू त्याला दिसत होती, पण जी गाडी आवाज करत नाही ती अंगावर येऊ शकते, हे त्याच्या शरीराला ठाऊकच नव्हतं. 

रश्मी धावली. लुगड्याचा काचा नाही, ओचा नाही, तशीच उडी मारून ती धम्मदीपच्या बाजूला पाय ठेवायच्या फळीवर चढली. एका हाताने चाबी फिरवली आणि धम्मदीपच्या पायावर पाय देऊन ब्रेक दाबला. गाडी थांबली. पुढचं चाक तेजरामच्या चपलेला टेकलं होतं.

 कडुनिंबावर कावळा होता, त्याचे पंख फडफडल्याचं ऐकू आलं.

तेजराम वाकला. त्याने गाडीच्या दिव्यावर पंजा ठेवला, मग दिव्याखाली, मग चाकावर, बैलाच्या तोंडावरून हात फिरवावा तसा. त्याचा चेहरा भेदरलेला नव्हता. सत्यभामेने तो चेहरा फक्त एकदा पाहिला होता, त्याने पहिल्यांदा गोसीखुर्दचं धरण पाहिलं तेव्हा.

"आली तं समजलंच नाई," तो हळूच म्हणाला. "सारी नोकरी कानावर केली मी. छताचा दगड सुटाच्या आंधी बारीक कुरकुरते, ते आयकून बाजूले झालो, म्हनून इथं बसून आहो. अन ही अंगावर आली, कानाले पत्ताच नाई." त्याने हात उलटा करून बघितला. "गरमही नाई ना वो. गरमही नाई."

धम्मदीप उतरला.  बापासमोर तो खाली जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांनी त्याचे पाय धरून म्हणाला, "मले वाटलं बंद आहे, बाबा. आवाज नाई म्हनून बंद आहे." आणि एवढा मोठा, अर्धे केस पिकलेला माणूस सगळ्यांसमोर रडला. 

"भाऊजी," रश्मी म्हणाली.  "हिचं कानानं नाई समजत. पयल्या दिवशी माह्याकडूनही असंच झालं. मी तं कुंपनात घातली होती."

मग तिने गाडीतून चाबी काढली. आता ती तिच्या हातात होती. कोणी मागितली नसती, कोणाची मागायची हिंमतही नव्हती. पण रश्मी अंगण ओलांडून सासूपाशी आली आणि तिने चाबी तिच्या तळहातावर ठेवली.

"घ्या आई," ती म्हणाली. एवढंच.

सत्यभामेने मूठ मिटली, पण गाठ मात्र बांधली नाही.

स्कूटरवरून मॅडम आल्या. तरुण पोर होती, डोक्याला स्कार्फ, घामाघूम. चेपलेलं ताट आणि करुणाच्या कोपराला लावलेली हळद बघून काही विचारावं की नाही असं तिला झालं, आणि तिने विचारलं नाही. "लाभार्थी कोण?"

"ही," असं करुणा, कलाबाई आणि स्वतः धम्मदीप, तिघेही एकदम म्हणाले.

"गाडी चालवून दाखवा. मागे कोणीतरी बसा, व्हिडिओ काढते."

सत्यभामेने चाबी रश्मीला दिली. "फोटोपुरती," ती म्हणाली, कारण अजून तिचं तिलाच उमगलं नव्हतं. आणि कोणी बोलायच्या आत ती स्वतः मागच्या बाकावर चढून बसली.

गाडी निघाली हे तिला झाड मागे सरकलं तेव्हा कळलं. घर मागे गेलं, शेजाऱ्यांचं कुंपण मागे गेलं, आणि अंगाला झटका नाही, पायाखाली थरथर नाही, नाकात धूर नाही. डिझेल ऑटोत बसायची तेव्हा तिचे दात एकमेकांवर वाजायचे. आता तिच्या हातातल्या बांगड्या किणकिणल्या आणि ती चकित झाली, कारण धावत्या गाडीत तिने आपल्या बांगड्या कधी ऐकल्याच नव्हत्या. रस्त्यावर बांधलेल्या निळ्या पताका वाऱ्याने फडफडत होत्या, ते ऐकू येत होतं. वाळल्या पाल्यावर मोहाचं एक फूल टप्पकन पडलं, तेही ऐकू आलं. याच रस्त्याने ती टोपली घेऊन उन्हातान्हात चालली होती, ट्रकच्या मागच्या फळीला लटकून आली होती, पोटुशी असताना बैलगाडीत पडून गेली होती. हा रस्ता असा कधीच नव्हता. कोणीतरी तो धुऊन पुन्हा अंथरल्यासारखा वाटत होता. तिला हसावं की रडावं ते कळेना. समोर रश्मीची पाठ ताठ होती. डंपर आला, रश्मीने आधीच गाडी कडेला घेतली, डंपर धुरळा उडवत गेला, आणि ती पुन्हा रस्त्यावर आली. घाई नाही, घाबरणं नाही.

टेकडीच्या वळणावर गाडी हळू झाली. रश्मीची मान एका बाजूला किंचित कलली.

ती मान सत्यभामेच्या ओळखीची होती. मागच्या ओसरीत ती स्वतः अशीच उभी राहायची.

"आयकू येते का, आई?" रश्मीने मागे न बघता विचारलं.

"काय?" उत्तर ठाऊक असूनही सत्यभामेने विचारलं.

"पंखा."

घूंऽऽ. टेकडीपलीकडून, स्पष्ट, धावत्या गाडीत. सत्यभामेने बाकाची दांडी धरली. "तूही आयकते?"

"लग्न झालं तवापासून." रश्मीचे डोळे रस्त्यावरच होते. "कोनाले सांगतलं नाई. लोक हासतीन. भाऊजींच्या ऑटोत बसून तुमसरहून येतानी काही आयकू येत नोव्हतं. इथी वळनावर आली की जीव टांगनीले लागे, उतरून पाहावं वाटे. अन भंडाऱ्याले पयल्या दिवशी ही गाडी चालू केली तं नदीवरची टिटवी आयकू आली, आई. चालत्या गाडीत. तवाच म्हनलं, हिच्यात पंखा आयकू येईन." ती जरा थांबली. "म्हनून मले चालवाची आहे. बाकी मले काही नाई पायजे."

एवढी वर्षं सत्यभामेला वाटत होतं, हा कान या घरात आपला एकटीचा आहे. त्याच ओसरीच्या भिंतीपलीकडे, त्याच चुलीपाशी, दुसरी एक बाई मान कलती करून उभी होती, आणि दोघींनी एकमेकींपासून लपवलं होतं. तिने हात लांब करून सुनेच्या खांद्यावर ठेवला, आणि गाडी परत फिरेपर्यंत तो तिथेच राहू दिला.

मॅडमनी व्हिडिओ काढला, अनुदानाचं होऊन जाईल म्हणाल्या, पोहे खाल्ले आणि गेल्या. अंगणात पुन्हा घरचीच माणसं उरली. रश्मी उतरली आणि फोटोपुरतीच मिळाली होती म्हणून तिने चाबी सत्यभामेच्या तळहातावर ठेवली. सगळे बघत होते, पण आता पदराकडे कोणी बघत नव्हतं, सगळ्यांची नजर सत्यभामेच्या तोंडावर होती.

धम्मदीप भिंतीशी टेकून उभा होता. डोळे लाल होते. "आई, तू बोलशीन तसं," तो म्हणाला. "पन मी काय करू तेवढं सांग."

"धम्मा, तू गाडीत बस."

तो हँडलकडे निघाला.

"पुढं नाई. मांगं बस."

धम्मदीप थबकला. मग मुकाट्याने मागच्या बाकावर बसला. आयुष्यात पहिल्यांदा सवारीच्या जागेवर बसला होता तो, आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. करुणाने तोंडाला पदर लावला.

सत्यभामेने चाबी रश्मीच्या हातात दिली, आणि आपल्या दोन्ही हातांनी तिची मूठ मिटवली. "घे. देल्ली."

 तेजरामने मान हलवली, एकदाच.

"आता जा," सत्यभामा म्हणाली, "अन याले वळनावर नेऊन पंखा आयकवून आन. मंग याचं काय कराचं ते आपन सारे बसून पाहू. करुणाही आहे, तिच्याही नावानं अर्ज होते."

"कोनता पंखा?" धम्मदीपने विचारलं.

खाणकामगाराचा पोरगा, खाणकामगाराचा भाऊ, याच चाळीत जन्मलेला. तो खरंच विचारत होता. 

रश्मी बसली. दिवा लागला का ते तिने वाकून पाहिलं. गाडी कडुनिंबाखालून निघाली, फाटकाबाहेर पडली, चाळीच्या रस्त्याला लागली. सत्यभामा अंगणातच उभी होती, मोकळा पदर वाऱ्यावर उडत होता, आणि तिने सवयीने मान कलती केली.

गाडी दिसेनाशी झाली. पंख्याचा आवाज एकदाही बुडाला नाही.